एक किलोचा लॅपटॉप घेतलाय: ठेवू की परत करू?

काना_मात्रा

नमस्कार मंडळी,

पाच दिवसांपूर्वी नवा लॅपटॉप घेतला. सात दिवसांत बदलून देतो असं दुकानदार म्हणालाय, म्हणजे परवा संध्याकाळपर्यंत काय ते ठरवायचं. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं की धागा 'ती कंपनी चांगली की ही' यात जाणार आणि माझा प्रश्न राहणार तिथेच.

मी साताऱ्यात राहते. मुद्रितशोधन आणि जमेल तसा अनुवाद, हे काम. कामं देणारे बहुतेक पुण्यात, त्यामुळे आठवड्यातून दोनदा एसटीने स्वारगेट गाठावं लागतं. २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट झाल्यामुळे प्रवास परवडतो. खांदा परवडत नाही. गेल्या वर्षी उजवा खांदा आखडला, हात मागे नेऊन वेणी घालता येईना. फिजिओथेरपीवाल्या मुलीने माझी पिशवी एकदा उचलून पाहिली आणि म्हणाली, "काकू, व्यायाम मी शिकवीन, पण ही पिशवी तुमची तुम्हालाच सोडवायला हवी." आता दिवाळी अंकांचा हंगाम सुरू झालाय. सप्टेंबरपर्यंत मान वर करायला फुरसत नाही. म्हणून मन घट्ट केलं आणि १४ इंची, पातळ, धातूच्या अंगाचा, १६ जीबी रॅमवाला घेऊन टाकला.

घरी आणल्यावर पहिलं काम काय केलं असेल तर कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात जाऊन दोन्ही लॅपटॉप काट्यावर ठेवले. काकांनी शेंगदाण्याचं पोतं सरकवून काटा पुसून दिला आणि विचारलं, "ताई, काय भावाने देणार?" जुना २ किलो २८५ ग्रॅम, त्याचा चार्जर ४३०. नवा १ किलो ४५, चार्जर २८५. खोक्यावर ९९० ग्रॅम छापलंय, ते कुठल्या काट्यावर भरलं देव जाणे. तरी पाठीवरचं जवळजवळ एक किलो चारशे ग्रॅम उतरलं. आणि एक सांगते, चार्जर धरूनच वजन करा. जाहिरातीत चार्जर कधीच नसतो, पिशवीत कायम असतो.

हलकेपणाची सवय नसली की काय होतं, ते आता अनुभवतेय. मंगळवारी स्वारगेटला उतरले, दहा पावलं चालले आणि काळजात धस्स झालं, लॅपटॉप गाडीतच राहिला! पिशवी उघडली तर आहे. रिक्षात बसताना पुन्हा धस्स, पुन्हा उघडली. एका दिवसात तीनदा. खांद्याला इतक्या वर्षांत त्या ओझ्याची खूण बसलीय. ओझं नाही म्हणजे काहीतरी विसरलंय, एवढंच त्याला कळतं.

झाकण एका हाताने उघडत नाही. झाकण वर घेतलं की बूडही त्याच्याबरोबर वर येतं. जुना कसा, स्वतःच्या वजनाने बसलेला असायचा, एका बोटाने उघडायचा. याला दुसऱ्या हाताने दाबून धरावं लागतं, म्हणजे चहाचा कप आधी खाली ठेवायचा. बारीकसारीक गोष्ट आहे, पण दिवसातून वीसदा घडते. एसटीत मांडीवर घेतला तर पायांना जाणवतही नाही, इथवर उत्तम. पण पुण्याला जाताना खंबाटकीच्या बोगद्यातून बाहेर पडल्यावर जे वळण लागतं, तिथे तो मांडीवरून घसरून शेजारच्या आजींच्या डाळिंबाच्या पिशवीवर गेला. आजी म्हणाल्या, "पाटी हाय व्हय?" जुना कधी हलला नव्हता. (बोगद्याच्या अंधारात बटणांखालचा उजेड मात्र फार गोड दिसतो. त्या दीड मिनिटासाठी पैसे वसूल.)

पडद्याबद्दल मात्र तक्रार नाही, उलट आधी का नाही घेतला असं झालंय. जुन्यावर 'वर्षं' हा शब्द आला की रफार आणि अनुस्वार मिळून ष च्या डोक्यावर एक काळा ठिपका दिसायचा. अनुस्वार आहे की नाही ते बघायला दरवेळी अक्षर मोठं करायचं. एका अंकात असे दोन-अडीचशे शब्द. नव्यावर रफार वेगळा, टिंब वेगळं, मध्ये पांढरी फट. पहिल्या रात्री जुनी, तपासून छापून गेलेली एक कथा सहज उघडली आणि सुटलेली चार टिंबं सापडली. झोप गेली ती वेगळी.

पडद्याची उंचीही जास्त आहे, १६:१०. पानावरच्या चार-पाच ओळी जास्त मावतात. पण तकतकीत काच आहे. खिडकीशी बसलं की स्वतःचाच चेहरा तपासत बसावं लागतं.

आता ज्यासाठी धागा काढला ते.

एक: टायपिंग. मी इनस्क्रिप्टवाली (मराठी अक्षरं ठरलेल्या बटणांवर बसवलेली सरकारी पद्धत). बटणं उथळ आहेत, बोट खाली गेलं न गेलं तोच तळ लागतो. त्याची सवय होईल. पण उजव्या कडेची बटणं यांनी बारीक केलीत! इंग्रजीवाल्यांना त्या कोपऱ्यात स्वल्प-अर्धविराम आणि कंस एवढंच दिसतं. आपला च तिथे, ट तिथे, ड तिथे, आणि 'डॉक्टर', 'कॉलेज' यांचा ॉ तर एंटरच्या डोक्यावर चिकटवलेल्या अर्ध्या बटणावर. पाच दिवस 'डॉक्टर' लिहायला गेले की ओळच बदलतेय.

दोन: मंगळवारी पुण्यात झाकण बंद करून पिशवीत टाकला तेव्हा बॅटरी ८३ टक्के होती. घरी येऊन काढला तर ४४, आणि अंग गरम. पिशवीतला डबा गरम राहिला म्हणून आनंद मानू का?

तीन, आणि याचीच खरी भीती वाटतेय. चार्जिंगला लावलेला असताना मनगट टेकवतो त्या पत्र्यावरून बोट हलकेच फिरवलं की खरखर लागते, म्हणजे गुळगुळीत पत्रा मध्येच खरबरीत झाल्यासारखा. हात स्थिर ठेवला तर काही नाही. हाताची मागची बाजू लावली की मुंग्या. चार्जर काढला की सगळं गायब. मुलगा म्हणतो तुझा भास. नवरा म्हणतो करंट उतरलाय, आजच्या आज परत कर.

जाणकारांनी सांगावं. वस्तूच खराब आलीय का?

---

गिगाहर्ट्झ

सरळ परत करा. करंट वगैरे जाऊ दे, मुळात व्यवहारच चुकलाय. पातळ लॅपटॉपमध्ये हवा खेळायला जागा नसते. पाच-दहा मिनिटं जोर लावला की प्रोसेसर तापतो आणि स्वतःच आपला वेग उतरवतो. रॅम बोर्डावरच झाळलेली असते, उद्या १६ ची ३२ करायची म्हटलं तर नवीन लॅपटॉप. तेवढ्याच पैशात दोन किलोवाला घेतला असता तर दुप्पट जोर मिळाला असता, वर ग्राफिक्स कार्ड. हलका म्हणजे निव्वळ फॅशन.

---

काना_मात्रा

@गिगाहर्ट्झ, पाच-दहा मिनिटं जोर लावून मी करू काय? वेलांट्या तपासायला ग्राफिक्स कार्ड लागत नाही. रॅमचा मुद्दा मात्र पटला. मला तो दुकानात कुणी सांगितला नाही, तो सांगायला हवा होता.

फॅशनचं म्हणाल तर तुमचं वय काय हो? चाळिशीनंतर एकदा खांदा आखडू दे, मग बोलू.

---

खिळाजुळारी

काना_मात्रा ताई, वजन किराणा काट्यावर केलंत हे फार आवडलं. खोक्यावरचा आकडा बहुधा त्या मॉडेलच्या सगळ्यात हलक्या अवताराचा असतो, म्हणजे लहान बॅटरी किंवा साधा पडदा. दुकानात येतो तो दुसराच.

मी कोल्हापूर, डीटीपी (संगणकावर पानं लावण्याचं काम). खिळे, म्हणजे छपाईची धातूची अक्षरं, जुळवायचे दिवस पाहिलेला नाही, वडिलांनी पाहिलेले, आयडी त्यांच्यासाठी. मी आलो तो पेजमेकर या पानं लावायच्या सॉफ्टवेअरच्या काळात.

हलक्या लॅपटॉपचं वेड नवीन नाही. २००७ मध्ये असुसने सात इंची ईई पीसी काढला होता, सव्वानऊशे ग्रॅमच्या आसपास. माझ्या मेव्हण्याकडे होता, त्यावर टायपायचं तर बोटं लहान मुलाची हवीत. नंतर जानेवारी २००८ मध्ये स्टीव्ह जॉब्झने ऑफिसच्या कागदी पाकिटातून मॅकबुक एअर बाहेर काढून दाखवला. तेव्हा लोकांनी आ वासला होता, आणि त्याचं वजन होतं १.३६ किलो! तुमचा त्याहून तीनशे ग्रॅम हलका. त्याला यूएसबीचं भोक एकच होतं, यावरून तेव्हाही भांडणं झाली होती.

भोकांवरून आठवलं, तुमच्या नव्याला नुसते टाइप-सी आहेत का? असतील तर एक गोष्ट तपासा. जुन्या फाइली उघडायला तुमच्याकडे एखादं जुनं मराठी सॉफ्टवेअर असणारच, त्याचं लॉक (जे लावल्याशिवाय ते सॉफ्टवेअर चालत नाही) जुन्या चपट्या यूएसबीचं असतं. ते हबमधून (एका भोकाची अनेक भोकं करणारी डबी) चालतं का, ते सात दिवसांच्या आत बघा. माझं एक लॉक एका हबवर चालतं, दुसऱ्यावर ओळखतच नाही. हब घ्याल तो तारेचा घ्या. थेट अंगाला चिकटणारा घेतलात तर पिशवीत एकदा वाकणार आणि बरोबर लॅपटॉपचं पोर्ट घेऊन जाणार.

आणि च-ट-ड चं दुखणं अगदी खरं! कुठल्याही परीक्षणात हे येत नाही कारण लिहिणारे इनस्क्रिप्ट वापरतच नाहीत. मी लॅपटॉप घ्यायला गेलो की दुकानात उभा राहून 'डॉक्टर चिटणीसांची टाचणी' हे पाच वेळा टाइप करतो. दुकानातली पोरं हसतात. हसू देत.

जमलं तर घरी साधा बाहेरचा कीबोर्ड लावा. प्रवासात चार ओळी, घरी चारशे पानं, असंच असतं ना आपलं?

---

काना_मात्रा

'डॉक्टर चिटणीसांची टाचणी'! आत्ता करून बघितलं. पहिल्या प्रयत्नात 'ड' आणि खाली नवीन ओळीवर 'क्टर'. दहाव्या प्रयत्नाला जमलं.

लॉकची बरी आठवण केलीत. ते कपाटात डबीत ठेवलंय, उद्या मुलाच्या हबवर लावून बघते. हो, दोन टाइप-सी आणि इअरफोनचं भोक, एवढंच आहे.

---

वायरमन_वाई

ताई, मुंग्यांचं मी सांगतो. आधी तीन प्रश्न.
पुण्यात चार्जिंगला लावला होता का, आणि तिथे मुंग्या आल्या का?
चार्जरची पिन दोनाची की तिनाची?
घर किती जुनं?

तोवर एक करून बघा. चार्जर चालू ठेवून पाय जमिनीवरून उचला, लाकडी पाटावर ठेवा, आणि मग बोट फिरवा.

---

काना_मात्रा

वायरमनदादा, काय जादू केलीत? पाटावर पाय ठेवले की खरखर जवळजवळ नाहीच. खाली शहाबादी फरशी आहे, पावसाळ्यात ती घामेजलेली असते आणि मी अनवाणी.

पुण्यात प्रकाशकांच्या कचेरीत दोन तास चार्जिंगला होता. तिथे काही नाही. आता आठवतंय, तिथे चपला घातलेल्या होत्या, पण हात तर दिवसभर त्यावरच होता.

पिन तिनाची. घर पेठेतला जुना वाडा, आमच्या वाट्याला तीन खोल्या आणि मागचं परसू. वायरिंग सासऱ्यांच्या वेळचं. स्वयंपाकघराचं तेवढं नंतर केलेलं.

---

वायरमन_वाई

मग लॅपटॉपला दोष देऊ नका. तुमच्या घराला अर्थिंग नाही असा माझा नव्वद टक्के अंदाज आहे.

चार्जरच्या पोटात विजेतला गोंगाट गाळायला दोन छोटे कपॅसिटर असतात, एक फेजकडून (वीज आणणारी तार) अर्थिंगकडे, एक न्यूट्रलकडून (परतीची तार) अर्थिंगकडे. त्यांच्यातून अगदी थोडा करंट कायम झिरपत असतो, तो अर्थिंगच्या वायरीने गुपचूप जमिनीत जातो. वायर नसली तर जाणार कुठे? चार्जरच्या तारेतून लॅपटॉपच्या पत्र्यावर येऊन थांबतो. २३० च्या मध्ये दोन सारखे कपॅसिटर, म्हणजे पत्र्यावर निम्मे, ११५ व्होल्टच्या आसपास दिसतात. आकडा ऐकून घाबरू नका, करंट मिलिअँपिअरचा काही भाग असतो. टेस्टर लावलात तर मंद लाल दिसेल. तुम्ही ओल्या फरशीवर अनवाणी, म्हणजे तुमच्यातून जमिनीला वाट मिळाली. पाटावर पाय ठेवले, वाट बंद.

जुन्या लॅपटॉपला हे का नव्हतं? तो प्लास्टिकचा असणार. करंट तेव्हाही होता, तुमच्यापर्यंत पोचत नव्हता.

तुमच्या वर्णनावरून एवढ्याने माणसाला काही होत नाही. पण मला काळजी लॅपटॉपची नाही, गीझरची आणि फ्रिजची आहे. तिथे उद्या खरोखर फेज अंगाला लागला आणि अर्थिंग नसेल, तर फ्यूज उडणार नाही, माणूस उडेल. शब्दाबद्दल माफी.

उद्या चांगल्या माणसाला बोलवा. समोर उभं राहून बघा, तो टेस्ट लॅम्प लावेल. फेज-न्यूट्रलमध्ये बल्ब पेटतो, तसाच फेज-अर्थिंगमध्ये पेटला पाहिजे. आणि एक: काही महाभाग सॉकेटमध्ये न्यूट्रललाच अर्थिंगच्या पिनेशी तार मारून देतात. बल्ब पेटतो, गिऱ्हाईक खूश. बाहेर न्यूट्रल तुटला की घरातली प्रत्येक लोखंडी वस्तू जिवंत. तसं करू देऊ नका. आणि मेन बोर्डावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज आपोआप तोडणारा स्विच, बसवून घ्या. आमच्याकडे सगळे त्याला ईएलसीबीच म्हणतात, तसं मागितलंत तरी दुकानदार देईल.

---

गिगाहर्ट्झ

वायरमनदादांना +१. मला वाटलं होतं स्टॅटिक असेल. शिकायला मिळालं.

ताई, वय २६. खांद्याचं मागे घेतो.

---

रातराणी

उशिरा आले, पण दोन नंबरचा प्रश्न कुणी घेतलाच नाही.

काना_मात्रा, तुमचा लॅपटॉप झोपलाच नव्हता, डोळे मिटून पडला होता. जुन्या लॅपटॉपमध्ये एस३ नावाची झोप असायची: फक्त रॅमला वीज, बाकी सगळं बंद. आताच्या बहुतेक विंडोज लॅपटॉपमध्ये ती काढून टाकलीय. तिच्या जागी आहे मॉडर्न स्टँडबाय, मोबाइलसारखी. झाकण बंद असलं तरी तो मधूनमधून उठून मेल बघतो, अपडेट शोधतो. टेबलावर चालून जातं. बंद पिशवीत उठला आणि पुन्हा झोपला नाही की तुमच्या डब्याची सोय होते.

उपाय: कंट्रोल पॅनेलमध्ये पॉवर ऑप्शन्स, तिथे डावीकडे 'झाकण बंद केल्यावर काय करायचं' या अर्थाची ओळ आहे. ती उघडून दोन्ही रकान्यांत स्लीप काढून हायबरनेट करा. हायबरनेट दिसत नसेल तर त्याच पानावर वरती एक निळी ओळ आहे, ती दाबली की खालच्या करड्या चौकटी उघडतात. हायबरनेट म्हणजे उघडी पानं एसएसडीवर लिहून पूर्ण बंद. उघडताना काही सेकंद जास्त लागतात, बॅटरी मात्र जिथल्या तिथे.

आणखी एक सवय लावून घ्या. चार्जरची पिन आधी काढायची, मग झाकण मिटायचं. उलट केलं की माझावाला बऱ्याचदा जागाच राहायचा. मी पिंपरीहून रोज कंपनीच्या बसने जाते. पहिल्या आठवड्यात पिशवी इतकी तापली की शेजारीण म्हणाली, आत इस्त्री आहे का?

अवांतर: तकतकीत काचेवर मॅट कागद चिकटवून मिळतो. पण तुमच्या त्या टिंबांसाठी लावू नका, अक्षरावर किंचित रवाळपणा येतो. खिडकीची जागा सोडा, स्वस्तात काम.

---

काना_मात्रा

खिडकीची जागा सोडा म्हणता! साताऱ्याच्या बाईला हे सांगणं म्हणजे कंदी पेढा सोडा म्हणण्यासारखं आहे. बाकी सगळं केलं. काल झाकण मिटताना ७१, आज सकाळी उघडलं तेव्हा ७१. तुमचे आभार कसे मानू?

लॉकही चाललं. मुलाच्या हबवर नाही चाललं, शेजारच्या मुलीच्या तारवाल्या हबवर चाललं. खिळाजुळारीदादा, तसाच आणला.

आज दुपारी इलेक्ट्रिशियन आले होते. वायरमनदादा, तुमचं नव्वद टक्के शंभर झालं. बैठकीच्या खोलीतला बोर्ड उघडला तर तिसऱ्या भोकामागे तारच नाही, मोकळं. टेस्ट लॅम्प तिथे पेटलाच नाही. स्वयंपाकघरात हिरवी तार आहे, छान रंगाची, नवीन. ती भिंतीतून मेन बोर्डापर्यंत येते आणि तिथे नुसती गुंडाळून ठेवलीय, कशालाच जोडलेली नाही. ज्याने केलं त्याने पैसे अर्थिंगसकट घेतले होते, हे मला पक्कं आठवतंय.

टेस्टर लावून ते घरभर हिंडले. लॅपटॉप, मंद लाल. मिक्सरला काही नाही, तो प्लास्टिकचा. मग फ्रिजची मूठ. तिथे टेस्टर लॅपटॉपपेक्षा जास्त उजळला.

आणि तेव्हा आम्ही दोघं नवराबायको एकमेकांकडे बघत राहिलो. आमच्या सासूबाई, वय ८१, फ्रिज कधीही नुसत्या हाताने उघडत नाहीत. पदराचं टोक हातावर घेऊन मूठ धरतात. मी या घरात आले तेव्हापासून बघतेय. मला वाटायचं सोवळं. फ्रिजमध्ये कालचं उरलेलं असतं, अंडी असतात, म्हणून शिवायचं नाही. त्यावरून सुरुवातीला मनात रागही धरला होता मी, आता लपवत नाही. आज विचारलं, "आई, तुम्ही पदराने का उघडता?" तर म्हणाल्या, "चावतो तो. तुम्हाला नाही चावत?"

मी स्वयंपाकघरात रबरी सपाता घालते. त्या कायम अनवाणी.

इतकी वर्षं का नाही सांगितलंत, तर म्हणे, मला वाटलं फ्रिज असाच असतो.

तर लॅपटॉप ठेवतेय. दुकानात फोन करून सांगितलं. परवा परसात खड्डा खणायला माणसं येणार आहेत.

---

वायरमन_वाई

ताई, वाचून अंगावर काटा आला. आजींना म्हणावं, अर्थिंग होईपर्यंत फ्रिजजवळ पाट टाका नि त्यावरच उभ्या राहा. आणि खड्ड्यात पाइप टाकतील तेव्हा कोळसा-मीठ नीट थर देऊन भरून घ्या, वरून पाणी ओतायला नरसाळं ठेवायला सांगा. उन्हाळ्यात अधूनमधून बादलीभर पाणी घालायचं. तेवढं सगळे विसरतात.

---

खिळाजुळारी

धागा लॅपटॉपचा, पोचला फ्रिजमध्ये. असे धागे हवेत.

ताई, 'चावतो' हे क्रियापद जपून ठेवा. कुठल्यातरी अंकात लागेल.

---

काना_मात्रा

तीन आठवड्यांनी येतेय, अंकांच्या गडबडीत राहून गेलं.

परसात खड्डा झाला, पाइप पुरला, कोळसा-मीठ माझ्यासमोर भरलं. तार मेनपर्यंत नीट जोडली, तिथून बैठकीच्या बोर्डातही नेली. आरसीसीबी बसवला. त्याचं चाचणीचं बटण दाबलं की खटकन घरभर अंधार. मुलाने तीनदा दाबून बघितलं. खर्च सगळा मिळून साडेसहा हजार. आता लॅपटॉपच्या पत्र्यावरून बोट फिरवलं तर गुळगुळीत. फरशी ओली, पाय अनवाणी, तरी.

टायपिंगचं सांगायचं तर 'डॉक्टर' आता दहातून आठ वेळा एका ओळीत येतो. घरी बाहेरचा कीबोर्ड लावते. एसटीत बॅगेतली पातळ उशी मांडीवर, तिच्यावर लॅपटॉप, मग वळणावर घसरत नाही. परतीच्या घाटातही नाही. स्वारगेटला पिशवी उघडून बघणं तीनावरून एकावर आलंय. वेणी घालायला हात अजून पूर्ण मागे जात नाही, अंबाडा जमतो.

सासूबाईंना सांगितलं, आता फ्रिज चावत नाही, हात लावून बघा. त्यांनी एक बोट लावलं, थांबल्या, पुन्हा लावलं. "नाही चावत," म्हणाल्या. मग दूध काढायला पदराचं टोक हातावर घेतलं आणि मूठ धरली.